गुन्हा दाखल झाला, आरोपी मात्र कोणीच नाही: कोकणातल्या एका गोळीचं प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात २०१९ च्या जूनमध्ये रात्री कुर्ल्या (खेकडे) पकडायला गेलेला चौतीस वर्षांचा माणूस बंदुकीचा बार लागून गेला. त्याच रात्री त्याच रानात डुकरं हाकलायला गेलेले सहा जण होते हे गावाला माहीत, पोलिसांना माहीत, त्या सहा जणांनीही ते कधी नाकारलं नाही. तरी आजपर्यंत त्या मृत्यूबद्दल कोणावरही खटला उभा राहिलेला नाही. मी या कुटुंबासोबत अर्ज लिहिणं, नकला काढणं, कोर्टाच्या तारखांना जाणं या कामात होतो त्यामुळे फाईल जवळून वाचलीय. नावं कोणाचीच देत नाही, वाडी आणि काही तपशील बदललेत.

लिहायचं कारण एवढंच की पुरावा कमी पडला म्हणून खटला झाला नाही हे गाव समजून घेऊ शकतं, पण काय कमी पडलं आणि का, हे तीन वर्षं कोणी सांगितलंच नाही आणि संशय सगळा तिथे वाढला.

पार्श्वभूमी

गाव म्हणजे खाली खाडी, वर कातळाचा सडा (उघडं पठार), मधल्या उतारावर काजू आणि हापूसची कलमं. डुकरांचा उपद्रव प्रचंड, एका रात्रीत भाताचा तरवा नाहीतर रताळ्याचं शेत उलथं करून टाकतात. म्हणून वाडीत एकदोन तरी बंदुका असतातच, बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, जुन्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या. परवाना बऱ्याचदा घरातल्या म्हाताऱ्याच्या नाहीतर मुंबईला असलेल्या चाकरमान्याच्या नावावर आणि बंदूक प्रत्यक्षात पुतण्याच्या हातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट कुर्ल्यांची. पहिला जोराचा पाऊस झाला की व्हाळ (ओढे) वाहायला लागतात आणि रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन कुर्ल्या आणि चढणीचे मासे धरायला बाहेर पडतात, बायकापोरं पण जातात. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता त्यामुळे पहिल्याच मोठ्या पावसाच्या रात्री निम्मी वाडी व्हाळात होती. रानात माणसं असणार हे त्या रात्री कोणालाही सांगायची गरज नव्हती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात वजनदार मुद्दा हाच होता जो पहिल्या कागदावर आलाच नाही.

घडलं काय

रात्री साडेदहाच्या सुमारास वरच्या व्हाळाकडे बार झाल्याचा आवाज बऱ्याच जणांनी ऐकला. थोड्या वेळाने मयताचा चुलतभाऊ ओरडत खाली आला. चारपाच जणांनी त्याला उचलून सड्यावरच्या रस्त्यापर्यंत आणला, रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत जीव गेला होता. रात्रभर पाऊस. पोलीस पाटलाने फोन केला, पोलीस रुग्णालयात आले, घटनास्थळाचा पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला तेव्हा व्हाळाला पाणी भरून वाहत होतं. बार कुठून झाला, मारणारा कुठे उभा होता, हे त्यामुळे कधीच ठरलं नाही.

शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयातच झालं, आधी एक्स-रे न काढता. काही छर्रे निघाले ते सील केले. छर्रे किती फुटांवरून लागले असतील याबद्दल अहवालात एक ओळ नाही. जवळून बार झाला तर छर्रे एकत्र घुसून एकच मोठी जखम होते, लांबून झाला तर पसरतात, आणि जखमेत काथ्या नाहीतर चिंधीचा डाट (बार भरताना ठासलेला बोळा) सापडला तर बार जवळचा होता हे कळतं. कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत भरले. रक्ताचे कपडे सावलीत सुकवून कागदात बांधायचे असतात, ओले प्लास्टिकमध्ये ठेवले की बुरशी धरते आणि तसंच झालं.

गुन्हा नोंदला गेला तो भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, आणि शस्त्र कायदा, अज्ञात इसमाविरुद्ध.

आणि त्याच रात्री, प्रेत आत असताना, मोठ्या भावाचा जबाब झाला. जबाब हवालदाराने लिहिला, भावाने सही केली. शेवटची ओळ होती "माझा कोणावर संशय नाही." ज्यांनी असे जबाब वाचलेत त्यांना माहीत आहे की ही ओळ जवळजवळ प्रत्येक अकस्मात मृत्यूच्या जबाबात असते, सवयीने लिहिली जाते. पुढे बंद करण्याच्या अहवालात हीच ओळ दोनदा आली.

अडचण कुठे होती

सहा जणांचं म्हणणं एकच, आम्ही कुत्रे आणि कोयते घेऊन डुकरं हाकलायला गेलो होतो, बंदूक आमच्याकडे नव्हती, बार पलीकडच्या खिंडीतून झाला. शब्द जवळजवळ सारखे. पोलिसांनी दोन घरांतून दोन बंदुका जप्त केल्या, दोन्ही ठासणीच्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायला बरेच महिने गेले आणि त्यात असं की दोन्ही चालू स्थितीत आहेत, दोन्हींतून बार झाल्याच्या खुणा आहेत, पण कधी झाला ते सांगता येत नाही आणि मिळालेले छर्रे यातल्याच बंदुकीचे आहेत असंही म्हणता येत नाही.

गावात याचा अर्थ लावला गेला की रिपोर्ट मॅनेज केला. खरं कारण वेगळं आहे. रायफल किंवा पिस्तुलाच्या नळीला आतून आटे असतात, त्याचे ओरखडे गोळीवर उमटतात म्हणून गोळी आणि हत्यार जुळवता येतं. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, छर्र्यांवर ओळखीची खूण राहत नाही. काडतुसाची बंदूक असती तर निदान रिकाम्या काडतुसावर पिनची खूण मिळते, ठासणीत काडतूसच नसतं. हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. तीन वर्षं ती दहा मिनिटं कोणी दिली नाहीत.

मग अफवा. सहापैकी एक जण तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचा पाहुणा होता, त्याची गाडी रात्री अकराला नाक्यावरून गेली म्हणून कोणी सांगितलं. दुसरी अफवा जास्त पसरली: निवडणुकीत बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, लोकसभेचा निकाल २३ मे ला लागला, तर जूनमध्ये बंदूक त्या घरात आली कशी, म्हणजे पोलिसांनीच गुपचूप दिली आणि आता स्वतःला वाचवतायत. आणि तिसरी, की कुटुंबाने पैसे घेतले. ही तिसरी घरच्यांना सगळ्यात जास्त लागली.

समोरचे पर्याय

दिवसकार्य झाल्यावर गावातली चार जाणती माणसं घरी आली. प्रस्ताव असा की देवळात सगळे सहा जण नारळ ठेवतील, गाऱ्हाणं होईल, ते सगळे मिळून एक रक्कम देतील आणि मुलांच्या शिक्षणाचं बघतील, विषय तिथे मिटवायचा. सोबत एक टाईप केलेला कागद होता. त्यात मदत स्वेच्छेने दिली असं होतं आणि खाली "आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही."

घरात तीन मतं. भावाला केस हवी होती. बायकोचं म्हणणं, दोन पोरं आहेत, काजूच्या चार झाडांवर घर चालत नाही, भावजी तुम्ही केस लढाल पण पोरांची फी कोण भरणार. तिला कोणी नावं ठेवू नयेत, ती बरोबरच बोलत होती. आणि आईचं म्हणणं, "आमका कोणाक फाशी नको. पण झाला काय ता कोणीतरी माका तोंडार सांगूक होया."

वकिलांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ३०४ अ हा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवण्यासारखा नाही, त्यामुळे देवळात मिटलं म्हणून कायद्यात मिटत नाही. पण तो कागद सही होऊन फाईलला लागला तर भावाच्या जबाबातली ओळ आणि ही ओळ मिळून केसचा शेवट होईल. कुटुंबाने ठरवलं की पैसे नकोत असं म्हणायचं नाही, आधी सहा जणांनी कोर्टासमोर जबाब द्यावा, मदत नंतर, आणि कागदावर सही नाही. त्यावर ती माणसं परत आली नाहीत.

दुसरा पर्याय होता हायवेवर रास्ता रोको. पोरं तयार होती. २०११ च्या एप्रिलमध्ये जैतापूर आंदोलनात नाट्याला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले आणि गोळीबारात एक जण गेला ते इकडे कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे थोरल्यांनी पोरांना थांबवलं. तिसरा पर्याय उच्च न्यायालयात जाऊन तपास सीआयडीकडे मागायचा. तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच नव्हतं, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, म्हणजे मुंबई, म्हणजे खर्च. शिवाय २००७ च्या साकिरी वासू निकालापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे की तपास नीट होत नसेल तर आधी दंडाधिकाऱ्याकडे जा. म्हणून तालुक्याच्या कोर्टात राहायचं ठरलं.

एक पर्याय कोणाच्या लक्षातच आला नाही, तो वनविभागाचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही तर जनावर हाकलणं आणि तसा प्रयत्न करणं सुद्धा येतं. सहा जणांनी आपल्या जबाबात हेच कबूल केलं होतं. बार कोणी काढला हे सिद्ध न करता सुद्धा सहाही जणांना विनापरवाना शिकारीबद्दल जाब विचारता आला असता, निदान सहा वेगळे जबाब वेगळ्या खात्यासमोर झाले असते. पोलिसांकडून वनविभागाला एकही पत्र गेलेलं फाईलमध्ये नाही.

काय केलं

२०२० च्या शेवटी पोलिसांनी अ समरी मागितली. म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी निष्पन्न होत नाही. भावाला कोर्टाची नोटीस आली तेव्हा पहिल्यांदा घरच्यांना कळलं की तपास संपलाय, दीड वर्षात तोंडी किंवा लेखी कोणी काही कळवलं नव्हतं. नोटीस मिळणं हा हक्क आहे, १९८५ च्या भगवंत सिंग निकालाने दिलेला, समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीचं ऐकावंच लागतं. बरेच लोक त्या तारखेला जातच नाहीत किंवा जाऊन सही करून येतात. भाऊ गेला आणि विरोधाचा अर्ज दिला.

अर्जात मुख्य मागण्या अशा होत्या: सहाही जणांचे जबाब कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, पाहुण्याचे आणि इतरांचे मोबाईलचे कॉल रेकॉर्ड मागवा, बंदुका जमा आणि परत केल्याचं रजिस्टर दाखवा, आणि ३०४ अ ऐवजी ३०४ चा भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावा. शेवटच्या मागणीमागचा विचार असा की व्हाळात माणसं आहेत हे माहीत असताना अंधारात हलणाऱ्या उजेडाच्या दिशेने बार काढणं ही नुसती हयगय नाही, मृत्यू होऊ शकतो याची जाणीव त्यात आहे.

कोर्टाने पुढील तपासाचा आदेश दिला. हे छोटं यश नव्हतं. पण कॉल रेकॉर्ड मिळाले नाहीत, कारण त्या काळात कंपन्यांना ते एकच वर्ष ठेवायचं बंधन होतं (२०२१ च्या डिसेंबरमध्ये ते दोन वर्षं झालं) आणि वर्ष कधीच उलटून गेलेलं. सहापैकी सगळ्यात लहान मुलगा, तेव्हा एकोणीसचा, त्याने पहिल्याच आठवड्यात दोघातिघांना काहीतरी सांगितलं होतं असं वाडीत बोललं जायचं. तो मुंबईला कामाला गेला होता. त्याचा नवा जबाब पोलिसांनी घेतला, दंडाधिकाऱ्यासमोर नाही, आणि तो जुन्यासारखाच होता.

इथे कलमाचा फरक किती पडतो ते बघा. ३०४ चा भाग दोन असता तर त्या मुलाला माफीचा साक्षीदार करता आलं असतं. ती तरतूद सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, ३०४ अ ला दोनच वर्षं शिक्षा, तिथे दारच बंद. म्हणजे त्या मुलाने खरं बोलून स्वतः अडकायचं किंवा गप्प बसायचं, तिसरा रस्ता नाही.

दुसरा अहवाल परत अ समरी. यावेळी भावाने आणि सरपंचांनी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज केला की निर्णय काय घ्यायचा तो घ्या पण त्याची कारणं गावात येऊन सांगा. बदलून आलेले एक अधिकारी खरंच आले. शाळेत बैठक झाली, आई पुढच्या बाकावर. त्यांनी छर्रे का जुळत नाहीत ते सांगितलं, पाऊस आणि पंचनाम्याचं सांगितलं. कोणीतरी विचारलं नार्को का नाही करत, तर त्यांनी सांगितलं की २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे माणसाच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि सहाही जणांनी नकार दिलाय, आणि नकार दिला म्हणून गुन्हेगार असं धरता येत नाही. आणि रजिस्टर आणलं होतं. त्यात बंदूक आचारसंहिता संपल्यावर रीतसर परत केल्याची तारीख आणि सही होती, घटनेच्या आधीची. ती अफवा तिथेच संपली.

आईने विचारलं की एक्स-रे का नाय काढलो. अधिकारी म्हणाले, काढायला हवा होता. बस, एवढंच. पण तीन वर्षांत कुठल्याही सरकारी माणसाने "हे व्हायला हवं होतं, झालं नाही" असं म्हटलेली ती पहिली वेळ होती आणि त्यानंतर ज्या पद्धतीने लोक शांतपणे प्रश्न विचारायला लागले ते मी बघितलंय.

निष्पत्ती

कोर्टाने २०२२ मध्ये समरी मंजूर केली, यावेळी सविस्तर आदेश देऊन. जिल्हाधिकाऱ्यांनी एका बंदुकीचा परवाना रद्द केला. मृत्यूसाठी शिक्षा कोणालाच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकोला भरपाई मिळाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ अ मध्ये अशी सोय आहे की आरोपी सापडला नाही, खटला झाला नाही तरी अवलंबितांना अर्ज करता येतो, आता नवीन कायद्यात ते कलम ३९६ आहे. हा अर्ज पहिल्याच वर्षी करता आला असता आणि घरातलं भावजी विरुद्ध वहिनी हे भांडण इतकं ताणलं गेलं नसतं. पैसे घेतले ही अफवाही मग बंद झाली, कारण पैसे कुठून आले हे उघड होतं.

पाहुण्याबद्दलचा संशय गेला नाही आणि जाण्यासारखं काही झालेलंही नाही. त्याचा जबाब दोन्ही वेळा सगळ्यात शेवटी, सगळ्यात आखूड घेतलाय. बैठकीत हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नाही. लोक उगाच संशय घेतात असं म्हणणाऱ्यांनी ही दोन पानं बघावीत.

वेगळं काय करता आलं असतं

जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घेणं आणि शेवटची ओळ "सध्या मी सांगण्याच्या मनःस्थितीत नाही, पुरवणी जबाब देईन" अशी लिहायला लावणं. दुःखात माणूस हे करू शकत नाही, म्हणून सोबत गेलेल्याने करायचं. शवविच्छेदन न्यायवैद्यक विभाग असलेल्या ठिकाणी व्हावं म्हणून तिथल्या तिथे लेखी मागणी. तेव्हा त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागायचं, आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. कॉल रेकॉर्ड जपून ठेवा असा अर्ज पहिल्या महिन्यातच. आणि वनविभागाला वेगळी तक्रार.

पोलीस स्वतः गोळी घालतात तेव्हा निदान २०१४ चे सर्वोच्च न्यायालयाचे सोळा निर्देश आहेत, स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी. गावकऱ्याच्या बंदुकीने माणूस मेला की असं काहीच नाही, सगळं ठाण्यातल्या त्या रात्रीच्या माणसावर.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, त्याने काय फरक पडेल? तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांना बंधनकारक आहे, हे या घराला मिळालं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. हयगयीने मृत्यूची शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत गेली, त्यामुळे कोर्टाने गुन्ह्याची दखल घ्यायची पूर्वीची तीन वर्षांची मुदतही लागत नाही. पण घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांनी येण्याची सक्ती सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे. म्हणजे उद्या असंच झालं आणि पहिल्या रात्री पुन्हा हयगय एवढंच कलम लागलं, तर व्हाळात कोणी तज्ज्ञ उतरेलच असं नाही. म्हणून सदोष मनुष्यवधाचं कलम लावा ही मागणी नंतर कोर्टात नाही, त्याच रात्री ठाण्यात आणि लेखी करायची.

आज

ग्रामसभेने ठराव केलाय की पहिल्या पावसाच्या आठवड्यात रात्री बंदूक घेऊन कोणी रानात जायचं नाही, आणि सहापैकी चौघांनी त्यावर सह्या केल्यात.

फाईल बंद असली तरी नवा पुरावा आला तर तपास पुन्हा उघडता येतो. ३०४ अ ची मुदत गेली, ३०४ ला तशी मुदत नाही. तेव्हाचा एकोणीसचा मुलगा आता पंचविशीत आहे, गणपतीला गावी येतो. दंडाधिकाऱ्यासमोर जबाब द्यायला येशील का, हे भावाने त्याला मागच्या वर्षी सरळ विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही, वकिलांना भेटतो म्हणाला, अजून भेटलेला नाही.